मुलांनी रणगाडे करावेत काय?

मुलांच्या हाती रणगाडा द्यावा की न द्यावा, हा प्रश्न प्रथमदर्शनी अगदी क्षुल्लक वाटण्यासारखा आहे. परंतु अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड या उपनगरांतील ज्या घरांत आठवी-नववीतले एखादे मूल सुटीच्या दिवसांत पुठ्ठा, करवत आणि जुन्या मोटारी घेऊन बसते, त्या घरांतील वडीलधाऱ्या मंडळींस तो तसा वाटत नाही. बिनतारी संदेशाने चालणारी, दोन फूट लांबीची, तोफ फिरविणारी, धूरसुद्धा सोडणारी रणगाड्याची प्रतिकृती करण्याचा छंद परदेशात जुना आहे. आता तो आपल्याकडील मुलांच्याही दृष्टीस पडला आहे. पालकांचे आक्षेप मुख्यतः दोन. एक, हा पैशांचा अपव्यय आहे. दुसरा, माणसे मारण्याची यंत्रे हा मुलांच्या खेळाचा विषय नव्हे. दोन्ही आक्षेप विचार करण्याजोगे आहेत, आणि ‘मुलांना हौस असते’ एवढ्या एका वाक्याने त्यांची वासलात लावणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही.

आमचे मत आरंभीच सांगून टाकतो. तयार रणगाडा विकत आणून द्यावा, असे आम्ही कोणासही सांगणार नाही. परंतु मुलाने तो स्वतःच्या हाताने, मापे घेऊन करावयास घेतला, आणि तो कोणता रणगाडा, कोठे लढला, त्याच्या पोटात कोण बसले होते, हे ठाऊक करून घेऊन केला, तर पालकांनी त्यास आडकाठी करू नये. किंबहुना स्वयंपाकघरातील एखादे जुने ताट रंग कालविण्यासाठी आनंदाने द्यावे.

प्रथम शब्दाविषयी थोडेसे. इंग्रजांनी हे यंत्र पहिल्या महायुद्धात मोठ्या गुप्ततेने बांधले. बाहेरच्यांस सुगावा लागू नये म्हणून, ही पाण्याची टाकी आहे अशी बतावणी करण्यात आली, आणि ‘टँक’ हे नाव त्यास कायमचे चिकटले. १५ सप्टेंबर १९१६ रोजी फ्रान्समध्ये सोम नदीच्या लढाईत ही टाकी प्रथम रणांगणावर उतरली. आता गंमत अशी की, या इंग्रजी शब्दाचे मूळ गुजराती-मराठीतील ‘टाके’ या शब्दात असावे, असे काही इंग्रजी कोशकारच सुचवितात. म्हणजे रायगडावर कातळात खोदलेले पाण्याचे टाके आणि हा पोलादी राक्षस यांचे निदान शब्दापुरते तरी गोत्र एक निघण्याचा संभव आहे! आपला ‘रणगाडा’ हा शब्द मात्र अधिक प्रामाणिक होय. तो काही लपवीत नाही.

टाक्यावरून किल्ला आठवला. दिवाळीच्या सुटीत आपल्या सोसायट्यांच्या आणि चाळींच्या आवारांत मुले मातीचे किल्ले करतात. दगडविटा रचणे, त्यांवर गोणपाट पसरणे, चिखल लिंपणे, मोहरी पेरून हिरवळ उगविणे, हे सर्व ज्याने एकदा केले आहे त्यास प्रतिकृतीची विद्या निराळी शिकवावी लागत नाही. ती त्याच्या बोटांत आधीच उतरलेली असते. फक्त एका गोष्टीची उणीव राहते. किल्ल्यावर मावळा बुरुजापेक्षा उंच असतो, आणि पायथ्याशी उभा केलेला वाघ त्या मावळ्याच्या गुडघ्याएवढा! मातीच्या किल्ल्यात हे शोभून जाते, कारण तेथे भक्ती मोठी असते. रणगाड्याच्या प्रतिकृतीत ते खपत नाही. तेथे प्रमाण पाळावे लागते, आणि प्रमाण पाळावयाचे म्हणजे गणित आले.

उदाहरणादाखल ‘सेंच्युरियन’ हा रणगाडा घेऊ. तो ब्रिटिश बनावटीचा; दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस तयार झाला आणि पुढे आपल्या सैन्यात दाखल झाला. तोफ पुढे धरली असता त्याची लांबी सुमारे ९.८ मीटर, रुंदी ३.३९ मीटर, उंची सुमारे ३ मीटर, आणि वजन सुमारे ५१ टन. आपल्या लोकलच्या डब्याची रुंदी ३.६६ मीटर असते. म्हणजे हा रणगाडा लोकलच्या डब्याहून थोडासाच अरुंद. हे प्रत्येक मुलाने रोज चर्चगेटकडे किंवा छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसकडे जाणाऱ्या गाडीत उभे राहून एकदा डोळ्यांनी मोजून पाहावे. आकड्यांना तेव्हा अंग येते.

याची प्रतिकृती एकास सोळा या प्रमाणात करावयाची झाली, तर लांबी ६१ सेंटिमीटर, रुंदी २१, उंची १९ येते. ती टेबलावर मावते आणि काम संपल्यावर माळ्यावर चढविता येते. एकास सहा या प्रमाणाचीही मोठी प्रतिकृती करणारे लोक आहेत; इंग्लंडात त्यांच्यासाठी पोलाद व अॅल्युमिनियमचे सुटे भाग करणारे कारखाने आहेत. परंतु तीच लांबी तेव्हा १६३ सेंटिमीटर होते, म्हणजे एखाद्या मोठ्या माणसाएवढी. आणि आपल्या इमारतींच्या लिफ्टमधून तिला खाली न्यावयाचे झाल्यास शेजाऱ्यांशी संबंध फार चांगले असावे लागतात. तेव्हा उपनगरवासियांस एकास सोळा पुरे.

आता एक प्रश्न विद्यार्थिमित्रांस विचारतो. लांबी सोळापट कमी झाली, तर वजन किती पट कमी होईल? पुष्कळांचे उत्तर ‘सोळापट’ असे येईल, आणि ते चुकेल. लांबी, रुंदी आणि उंची या तिन्ही सोळापट कमी झाल्या, तेव्हा वजन सोळाचा घन, म्हणजे ४,०९६ पट कमी झाले. ५१ टनांस ४,०९६ ने भागिले असता सुमारे साडेबारा किलो येतात. खरा रणगाडा जसा आहे तसाच, तेच पोलाद तितक्याच प्रमाणात वापरून लहान केला, तर त्याचे वजन तांदळाच्या दहा किलोंच्या पिशवीहून थोडे अधिक भरेल. एकास सहा या प्रमाणात मात्र हाच आकडा २३६ किलो होतो. लहान प्रमाणातून मोठ्या प्रमाणाकडे जाताना माणूस का फसतो, हे या एका भागाकारात आहे. बुरुजाच्या दर्शनी भागाचे चिलखत खऱ्या सेंच्युरियनमध्ये १५२ मिलिमीटर जाड असते. आपल्या प्रतिकृतीत ते साडेनऊ मिलिमीटर होते. (रणगाड्यावर जो फिरता भाग असतो व ज्यात तोफ बसविलेली असते, त्यास आम्ही येथे बुरूज म्हणतो, मुले त्यास टरेट म्हणतात, तसे म्हणावयास हरकत नाही.)

प्रमाणाच्या निवडीमागे दर वेळी तत्त्वज्ञान असतेच असे मात्र नाही. जगभर एकास पस्तीस हे प्रमाण रणगाड्यांच्या छोट्या प्रतिकृतींत रूढ झाले आहे. त्याचे मूळ असे की, जपानातील तामिया या कंपनीने साठाच्या दशकाच्या आरंभी जर्मन ‘पँथर’ची मोटारीवर चालणारी प्रतिकृती काढली, तेव्हा पोटात बॅटऱ्या मावतील एवढा आकार धरला, मागाहून मोजून पाहता ते प्रमाण पस्तिसाच्या आसपास निघाले! त्याच कंपनीने १९७४ साली एकास सोळा प्रमाणाचा, बिनतारी संदेशाने चालणारा ‘शर्मन’ काढला.

बिनतारी संदेशाविषयी बोलताना आपल्या देशातील एक गोष्ट मुलांस अवश्य सांगावी. १८९५ साली कलकत्त्यास जगदीशचंद्र बोस यांनी तारेवाचून पाठविलेल्या लहरींनी दूरची घंटा वाजवून आणि बंदुकीची दारू पेटवून दाखविली. पुढे १८९८ साली निकोला टेस्ला यांनी न्यूयॉर्क येथे दुरून चालविता येणारी छोटी नौका लोकांस दाखविली. मुलाच्या हातातील डबी जे करते ते याच जातीचे आहे. पूर्वीचे संच २७ मेगाहर्ट्झच्या लहरींवर चालत, आणि दोन मुले एकाच मैदानावर आली की एकाच्या आज्ञेने दुसऱ्याचे यंत्र धावू लागे. हल्लीचे संच २.४ गिगाहर्ट्झवर चालतात; त्यांत प्रत्येक ट्रान्समीटर आपल्याच रिसीव्हरशी जोडला जातो, म्हणून असा घोटाळा होत नाही. २००५ साली भारत सरकारने या लहरींचा मर्यादित शक्तीचा वापर परवान्यातून मुक्त केला.

रणगाड्यास मोटारीसारखे चाक वळवून वळता येत नाही. त्याच्या दोन्ही अंगांस लोखंडी कड्यांचे पट्टे असतात. डावा पट्टा मंद केला की तो डावीकडे वळतो. प्रतिकृतीत प्रत्येक पट्ट्यास स्वतंत्र मोटार द्यावी लागते. येथेही गणित सुटत नाही. खरा सेंच्युरियन ताशी सुमारे ३५ किलोमीटर धावे. त्यास सोळांनी भागिले तर ताशी २.२ किलोमीटर, म्हणजे सेकंदास सुमारे ६० सेंटिमीटर. पट्टा ओढणाऱ्या दातेरी चाकाचा परीघ १५ सेंटिमीटर धरला, तर ते चाक सेकंदास चार फेरे, मिनिटास २४० फेरे घेईल. आपल्या मोटारीचे फेरे मिनिटास १२,००० असतील, तर मध्ये एकास पन्नास असा गिअर हवा. बाजारातील स्वस्त खेळण्यांत हा हिशेब केलेला नसतो. म्हणून ती उंदरासारखी पळतात, आणि ५१ टनांचा भास क्षणार्धात नाहीसा होतो. आमच्या मते प्रतिकृतीच्या खरेपणाची पहिली परीक्षा रंगाची नव्हे, चालीची. ती जड चालली पाहिजे. थांबताना नाक किंचित खाली झुकले पाहिजे. पट्टा वरच्या बाजूस थोडा सैल लोंबला पाहिजे.

हे सर्व साहित्य मिळण्यास आपल्या उपनगरांतील मुलांएवढी सोय महाराष्ट्रात क्वचितच कोणास असेल. मोटारी, सर्किटे, तारा यांसाठी ग्रँट रोड स्थानकाजवळचा लॅमिंग्टन रोड आहे. अंधेरी-बोरिवलीच्या मुलांस तो थेट गाडीवर, आणि मुलुंड-घाटकोपरच्या मुलांस दादरला गाडी बदलून. लेथवर एखादे चाक कातून हवे असेल, तर मरोळ आणि घाटकोपरच्या औद्योगिक वसाहतींतील गाळ्यांत ते काम जाणणारे कारागीर आहेत. मुलाने कागदावर मापांसह नीट आकृती काढून नेली आणि नम्रपणे विचारले, तर पुष्कळदा ते कौतुकाने करूनही देतात. आकृतीवाचून मात्र जाऊ नये. ‘अंदाजे एवढे’ असे बोटांनी दाखविणाऱ्या गिऱ्हाइकाचा त्यांस स्वाभाविकच कंटाळा येतो. आणि चिकटविण्याच्या पदार्थांसाठी तर कोठेच जावयास नको. फेविकॉल करणाऱ्या कंपनीचे कार्यालय अंधेरीतच आहे.

आता आमच्या खऱ्या तक्रारीकडे वळतो. ज्या मुलांस रणगाड्यांचे वेड आहे, त्यांस कोणता रणगाडा करणार म्हणून विचारावे, तर दहांपैकी बहुतेकांच्या तोंडी एकच नाव येते: जर्मनांचा ‘टायगर’. त्याचे चिलखत किती, तोफ किती मिलिमीटरची, हे त्यांस मुखोद्गत असते. याचे कारण उघड आहे. तयार संच विकणारे परदेशी कारखाने जे करतात तेच दुकानांत येते, आणि जे दुकानांत येते तेच मुलांच्या मनात भरते. परंतु तो रणगाडा कोणत्या राजवटीसाठी, कोणत्या हेतूने बांधला गेला, हे मात्र त्यांतील फार थोड्यांस सांगता येते. काळ्या क्रॉसचे चिन्ह शोभेचे म्हणून रंगविणे आम्हांस पसंत नाही. इतिहासाचा तो भाग मुलांनी वाचावा, जरूर वाचावा. पण टेबलावर कौतुकाने ठेवण्याची पहिली जागा त्याची नव्हे.

ती जागा कोणाची, हे सांगण्यासाठी मुंबई-पुण्यापलीकडे जावे लागत नाही. पूना हॉर्स ही पलटण पेशवाईच्या अखेरीस, १८१७ साली उभी राहिली. घोडे गेले, रणगाडे आले. नाव तेच राहिले. १९६५ च्या युद्धात या पलटणीचे नेतृत्व लेफ्टनंट कर्नल अर्देशिर बुर्झोर्जी तारापोर यांच्याकडे होते. त्यांचा जन्म मुंबईचा, १९२३ सालचा. सियालकोट भागात फिलौरा येथे ११ सप्टेंबरला ते जखमी झाले, तरी मागे जाण्यास त्यांनी नकार दिला. १६ सप्टेंबरला त्यांच्या सेंच्युरियनने पेट घेतला आणि ते धारातीर्थी पडले. त्या वेळी त्यांचे वय ४२ होते. त्यांस मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले.

सहा वर्षांनी त्याच पलटणीत सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल होते. जन्म पुण्याचा, १४ ऑक्टोबर १९५०. शिक्षण खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत. जून १९७१ मध्ये सैन्यात अधिकारी म्हणून रुजू. डिसेंबरात शकरगड भागात बसंतर नदीपलीकडे आपल्या सैन्याने पाय रोवला होता. १६ डिसेंबरला सकाळी शत्रूच्या रणगाड्यांनी प्रतिहल्ला चढविला. मदतीची हाक आली तेव्हा खेत्रपाल आपले रणगाडे घेऊन पुढे गेले. त्यांच्या गाड्यास आग लागली. बाहेर पडण्याची आज्ञा झाली असता, आपली तोफ अद्याप चालू आहे, आपण गाडा सोडणार नाही, अशा आशयाचे उत्तर त्यांनी बिनतारी यंत्रावर दिले आणि ते यंत्र बंद केले. ते त्याच रणगाड्यात पडले, वय २१. त्याच दिवशी ढाक्यास शत्रूच्या सैन्याने शरणागती पत्करली. खेत्रपालांसही मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. त्यांच्या रणगाड्याचे नाव ‘फामागुस्ता’. हे सायप्रस बेटावरील एका बंदराचे नाव आहे. तो रणगाडा पुढे परत मिळाला आणि चिलखती दलाच्या अहमदनगर येथील केंद्रात जतन करून ठेवण्यात आला.

आमच्या विद्यार्थ्याने सेंच्युरियन केला, तर त्याच्या मागे हा इतिहास उभा राहतो. तयार संच सहजी मिळत नाही, ही अडचण आहे खरी. पण आमच्या दृष्टीने तोच मोठा लाभ आहे. जे विकत मिळत नाही ते करावे लागते.

बारकाव्यांच्या कामात हे ज्ञान कसे उपयोगी पडते ते पाहा. सेंच्युरियनचा बुरूज मुख्यतः ओतीव पोलादाचा, आणि खालचा सांगाडा जाड पत्रे वेल्डिंगने जोडून केलेला. म्हणून बुरुजाचा पृष्ठभाग खडबडीत दिसतो आणि सांगाड्याचा सपाट. प्रतिकृतीत बुरुजावर एमसीलचा पातळ थर द्यावा आणि तो ओला असतानाच दात घासण्याच्या जुन्या ब्रशने हलके ठोकीत जावे. ओतकामाचा पोत हुबेहूब उतरतो. सांगाड्यावर मात्र लांबी भरून पॉलिशपेपरने साफ करावे, आणि सांध्यांवर एमसीलची दोऱ्यासारखी बारीक वळी ठेवून तीवर सुरीच्या टोकाने जवळजवळ खुणा कराव्यात, ते वेल्डिंग. चाके प्रत्येक बाजूस सहा, आणि ती दोन-दोनच्या जोड्यांनी बसविलेली. पट्टा ओढणारे दातेरी चाक मागे, पुढे नव्हे. शर्मनमध्ये ते पुढे असते. ज्याने हे पाहिले नाही तो सुंदर रंग देईल, पण रणगाडा उलटा चालवील. आवाजाची यंत्रणा बसविणाऱ्यांसही एक सूचना: सेंच्युरियनचे इंजिन पेट्रोलवर चाले, आणि ते विमानाच्या प्रसिद्ध ‘मर्लिन’ इंजिनावरून केलेले होते. त्याला ट्रकच्या डिझेल इंजिनाचा आवाज देणे म्हणजे सनईच्या जागी ढोल वाजविणे होय.

मग येतो मळ, गंज आणि काजळी. या कामात मुलांस सर्वांत अधिक मौज वाटते, आणि सर्वांत अधिक अतिरेकही येथेच होतो. पुष्कळ प्रतिकृती अशा दिसतात की जणू चाळीस वर्षे भंगाराच्या दुकानात पडल्या होत्या. प्रत्येक डागास कारण पाहिजे. पट्ट्याचे जे भाग चाकांवर घासतात ते चकचकीत असतात, बाकीचे तांबूस. झडपेच्या कडेला रंग उडालेला असतो, कारण तेथे रोज माणसाचे हात आणि बूट लागतात. धुराड्याच्या पाठीमागे काजळी असते. राजस्थानची वाळू रंगाने वेगळी, पंजाबच्या नदीकाठचा चिखल वेगळा. आणि चिलखतास गोळ्याने पडलेले भोक रंगविण्याची ज्यास इच्छा होते, त्याने ब्रश उचलण्यापूर्वी एवढे ध्यानात आणावे की, सेंच्युरियनच्या पोटात चार माणसे बसत असत: नायक, तोफ चालविणारा, गोळे भरणारा आणि गाडा हाकणारा. ते भोक त्या चौघांपैकी कोणापर्यंत पोहोचले, याचे उत्तर त्यास देता आले पाहिजे. ते देता येत नसेल तर भोक पाडू नये.

येथे दुसऱ्या आक्षेपाशी येऊन पोहोचलो. युद्धाची यंत्रे मुलांच्या खेळात नसावीत, या म्हणण्याशी आमचे मन पुष्कळसे सहमत आहे. लाल दिवे लुकलुकवीत ‘ढिश्यूं ढिश्यूं’ करणारे प्लॅस्टिकचे यंत्र लहान मुलास देऊन आपण त्यास काय शिकवितो, हे आम्हांस अद्याप कळलेले नाही. त्यात कोणी मरत नाही, कोणी जळत नाही, आणि बटण दाबले की सर्व पुन्हा आरंभापासून. आमची भीती रणगाड्याची नाही, त्यात कोणी बसलेलेच नाही या समजुतीची आहे. आणि ती समजूत आता केवळ खेळण्यापुरती राहिलेली नाही. सोव्हिएत सैन्याने १९३९-४० च्या फिनलंडच्या युद्धात दुरून बिनतारी संदेशाने चालविलेले रणगाडे उतरविले होते; २०१७ साली आपल्या संरक्षण संशोधन संस्थेनेही ‘मुंत्रा’ नावाचे मनुष्यविरहित पट्ट्यांचे वाहन दाखविले. हाती डबी घेऊन दूर उभा राहिलेला मनुष्य, हे उद्याच्या युद्धाचेच चित्र असण्याचा पुष्कळ संभव आहे. आमची मुले त्या डबीशी आजच खेळत आहेत. तेव्हा त्यांस दुसऱ्या टोकाला काय घडते ते सांगावयास नको काय?

म्हणून आमचा आग्रह असा की, बुरुजाच्या झडपेत नायकाची मूर्ती अवश्य असावी. एकास सोळा प्रमाणात मध्यम उंचीचा मनुष्य साडेदहा सेंटिमीटरचा होतो, आणि झडपेबाहेर त्याची फक्त छाती व डोके दिसते. दिवाळीच्या मावळ्यांना रंग देणारा हात ते काम करू शकतो. आणि मूर्ती करीत असताना वडिलांनी किंवा आईने मुलास पुढील हकीकत सांगावी. अरुण खेत्रपालांचे वडील, निवृत्त ब्रिगेडियर एम. एल. खेत्रपाल, २००१ साली, वयाच्या ८१ व्या वर्षी, आपले जन्मगाव सरगोधा पाहावयास पाकिस्तानात गेले. लाहोरात एका निवृत्त पाकिस्तानी ब्रिगेडियरांनी, ख्वाजा मोहम्मद नासेर यांनी, त्यांस आपल्या घरी अत्यंत आदराने ठेवून घेतले. निरोपापूर्वी त्या यजमानांनी आपल्या मनातील गोष्ट सांगितली: बसंतरच्या लढाईत आपल्या मुलावर गोळा टाकणारा मीच. वृद्ध पित्याने ते ऐकून घेतले. दोघेही रणगाड्यांवर लढलेल्या पलटणींच्या जगातले. हे ऐकल्यानंतरही एखाद्या मुलास युद्ध म्हणजे गंमत वाटेल, असे आम्हांस वाटत नाही. आणि असे काही ऐकविण्याची संधी तयार खेळणे विकत आणून मिळत नाही.

पैशाचा आक्षेप मात्र थोडक्यात आटोपता येतो. एकास सोळा प्रमाणाचा तयार परदेशी रणगाडा पाच आकडी किंमत घेतो. आयात खेळण्यांवरील जकात २०२० साली शेकडा २० वरून ६० आणि २०२३ साली ७० करण्यात आली. तेव्हा ती स्वस्त होण्याची वाट पाहण्यात अर्थ नव्हता. स्वतः करणाऱ्याचा खर्च वर्षभरात थोडाथोडा होतो, आणि त्याचा क्रम मुलाने उलटा धरू नये. प्रथम पुठ्ठ्याचा सांगाडा. तो मापांत बरोबर आला तर पीव्हीसी शीटचा. मग चाके व पट्टे, ज्यांच्या प्रत्येक बाजूस शंभरावर कड्या लागतात, आणि बहुतेकांचा धीर येथेच सुटतो. ट्रान्समीटर व मोटारी सर्वांत शेवटी. शंभर कड्या ज्याने पुऱ्या केल्या त्यासच त्या घेऊन द्याव्यात. पुष्कळ मुले डबी आधी मागतात. त्यांस ती देऊ नये. थर्माकोलची सवय तर कोणी लावूच नये. २०१८ साली राज्यात त्यावर बंदी आली, आणि तसेही त्यावर रंगाचे थिनर पडले की ते विरघळते.

पालकांनी स्वतः लक्ष घालण्याजोग्या गोष्टी दोनच आहेत. लिथियमची बॅटरी रात्री सर्वजण झोपले असता चार्जिंगला ठेवू देऊ नये. फुगलेली बॅटरी पुन्हा वापरू देऊ नये. नवशिक्याने निकेलची ७.२ व्होल्टची बॅटरी वापरावी हे उत्तम. आणि फवारून द्यावयाचा रंग बंद खोलीत नको. गच्चीवर किंवा गॅलरीत, तोंडावर मास्क लावून. जून ते सप्टेंबर ते कामच बंद ठेवावे. आपल्याकडच्या पावसाळी दमट हवेत रंगावर पांढुरकी साय धरते, आणि पोलादी पिना आठवड्यात गंजतात. ते चार महिने कड्या कापण्यात घालवावेत.

पाऊस संपला म्हणजे, आणि दिवाळीचा किल्ला मोडला म्हणजे, अहिल्यानगरास एक फेरी व्हावी. २०२४ सालापर्यंत त्याचे नाव अहमदनगर होते. मुंबईहून सुमारे अडीचशे किलोमीटर. तेथे १९९४ साली सुरू झालेले रणगाड्यांचे संग्रहालय आहे, आणि त्यात आपल्या सैन्याचे, तसेच युद्धात पकडलेले जुने रणगाडे उघड्यावर मांडलेले आहेत. छायाचित्रांत जे दिसत नाही ते तेथे दिसते. सोबत मीटरची टेप, चौकटीची वही आणि खोडरबर न्यावे. गाड्यास हात लावण्यापूर्वी तेथील रक्षकांस विचारावे. सेंच्युरियन सापडला की प्रथम पट्ट्याच्या एका कडीची रुंदी व लांबी मोजावी, मग दोन चाकांच्या मध्यांतील अंतर, मग झडपेचा व्यास. तो व्यास मोजून झाल्यावर आपले खांदे त्यातून जातील किंवा कसे, तेही पाहून घ्यावे. आणि आत आग लागली असता चार माणसांस बाहेर पडावयास किती वेळ लागेल, याचा अंदाज त्याच पानावर लिहून ठेवावा.